लाल डगल्यांची पंचाईत

शालीकरामनं श्वास रोखून धरला आणि शेवटच्या शिपायाच्या लाल डगल्यावर बटणाचा पिवळा ठिपका टेकवला. तेवढ्यात त्याच्या पाठीवर थाप पडली. कुंचला सटकला आणि बटण शिपायाच्या नाकावर बसलं.

"का करून राहिला बापा?" सरपंच केशोराव मागं उभे होते.

शालीकराम नवेगाव बांध या गावी जंगलखात्याच्या डेपोत कारकून होता. दिवसभर लाकडं मोजायची आणि उरल्या वेळात सागाच्या तुकड्यांतून बोटभर उंचीचे शिपाई कोरून रंगवायचे, हा त्याचा नाद. तीन वर्षं खपून त्यानं सीताबर्डीची लढाई उभी केली होती. टेकडीवर कंपनीची लाल फौज, पायथ्याशी नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. पगडीचा एक पेच चुकला तरी तो शिपाई खरवडून पुन्हा रंगवायचा. एवढं करून, हे सगळं नीट वाकून बघणारा एकही माणूस त्याला भेटला नव्हता. यंदाच्या पंधरा ऑगस्टला शाळेत प्रदर्शन होतं, भंडाऱ्याहून मोठे साहेब येणार होते. त्यांना काय काय सांगायचं, ते शालीकराम आंघोळ करताना घोकत असे.

"टेकडीवर कोन होत हे?" केशोरावांनी विचारलं.

"इंग्रज जी."

"आन् आपले?"

"खाली."

"म्हंजे आपन हारून राहिलो?"

"हारलोच होतो जी. अठराशे सतरा साली."

"मंग आता तं स्वराज्य आलं ना? आता कायले हारून राहिला?"

शालीकरामनं इंग्रज खाली उतरवले आणि भोसल्यांची फौज टेकडीवर चढवली. दुसऱ्या दिवशी केशोराव पुन्हा आले. या वेळी त्यांनी वाकून पाहिलं, पण भलत्याच गोष्टीसाठी.

"हे इंग्रज काळे काऊन?"

"कंपनीचे शिपाई आपल्याच देशातले होते जी. मद्रासकडचे. गोरे नुसते हुकूम सोडत."

केशोरावांनी आधी दार लोटून घेतलं. "हे अजून कोनाले सांगतलं तं नाई ना? आपलेच लोक आपल्याले मारून राहिले, असं पंधरा अगस्टले साहेबाले दाखवतं का? गोरे कर त्याईले!"

शालीकरामनं सगळ्यांची तोंडं पांढरी केली. पण पावसाची झड लागलेली, रंग वाळेना. त्यानं फौज चुलीभोवती मांडली.

"भात शिजवू का तुमची पलटन?" त्याची बायको रुख्मा कडाडली.

धगीनं पांढरा रंग ओघळून मिशांवर आला आणि वर धूर बसला. रुख्मानं एक शिपाई उचलून पाहिला. "हे इंग्रज नाई जी. दंडारीच्या खेळातले सोंगाडे होत."

केशोरावांनाही ते पटलं. मान खाजवत ते म्हणाले, "इंग्रजच नोको. सारे आपलेच कर. दोन्हीकून आपलेच असन, तं हारन कोन?"

"पन मंग लढन कोनासंगं जी?"

"ते मंग पाहू."

शालीकरामनं डेपोतून रजा काढली. तोंडं खरवडून पुन्हा सावळी केली, लाल डगल्यांवर भगवा रंग चढवला, टोप्यांवर भुसा आणि डिंक थापून पागोटी केली. एकेका बटणावरून कुंचला फिरवण्याआधी तो ते बोटानं चाचपून पाही. रुख्मानं पुढ्यात ठेवलेलं ताट तसंच निवून जाई. अखेर सगळी फौज एकाच बाजूची झाली. शत्रू कुठं दिसेना, म्हणून त्यानं बंदुकांची तोंडं आभाळाकडं वळवली.

पंधरा ऑगस्टला साहेब आले. शिवणकामावरून, भोपळ्यांवरून नजर फिरवत ते शालीकरामच्या टेबलापाशी थांबले. चष्मा पुसून ते चक्क वाकले. घोकलेलं बोलायला शालीकरामनं तोंड उघडलं.

"वा!" साहेब म्हणाले. "काय बारकाई आहे! फारच सुंदर वरात!"

शालीकरामचं तोंड उघडंच राहिलं.

"होय साहेब, वरातच होय ते," केशोराव चटकन म्हणाले.

"बंदुकीचे बारसुद्धा काढताहेत! आणि नवरदेव कुठं आहे?"

केशोरावांनी शालीकरामला कोपरानं ढोसलं. पांढऱ्या घोड्यावर तलवार उपसून बसलेला भोसल्यांचा सरदार सगळ्यांत पुढं होता. त्याच्या नुसत्या मिशीसाठी शालीकरामनं दिवाळीची सुटी घालवली होती.

"हा जी," तो कसंबसं म्हणाला.

पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. टाळ्या वाजल्या तेव्हा तो खाली मान घालून उभा होता. लोकांना वाटलं, किती विनयी माणूस आहे.

संध्याकाळी केशोराव धावतच घरी आले. "शालीकराम, साहेबाच्या पोरीचं लग्न आहे. मांडवात ठेवाले हेच वरात पाहिजे म्हनते. पन त्यात नवरी नाई. नवरी कर लवकर!"

ते गेले. शालीकराम भिंतीला टेकून बसून राहिला. रुख्मा त्याच्या शेजारी येऊन बसली. इतक्या वर्षांत ती त्याच्या कामापाशी पहिल्यांदाच बसत होती. सागाचा एक कोरा तुकडा तिनं हातात घेऊन फिरवून पाहिला.

"नवरी मी सांगतो तशी करा," ती म्हणाली. "हिरवं लुगडं. आन् मान खाली. नवरी लाजते."

"मान खाली केली तं नथ नाई दिसनार," शालीकरामच्या तोंडून निघून गेलं. "घोड्यावरून तं तिचा निस्ता पदर दिसन."

"मंग नवरदेवालेच खाली उतरवा ना जी."

शालीकरामनं सरदाराकडं पाहिलं. मग चाकूला धार लावली आणि त्याला घोड्यावरून सोडवायला घेतलं.