सगळ्या घराण्याचं एकच नाक

"नाही जमलं तर नाव बदलीन!" जावयाने छाती ठोकून सांगितलं होतं. सासरेबुवांच्या निवृत्तीला सगळ्या घराण्याची वेबसाइट! नावावर बोट ठेवा, की लहानपणचा फोटो समोर हजर!

एवढा आटापिटा कशासाठी? तर लग्नाला इतकी वर्षं होऊनही सासरेबुवा पाहुण्यांना त्याची ओळख करून द्यायचे, "हे आमच्या मुलीचे मिस्टर." नुसते मिस्टर! जसे काही भाड्याने आणलेले! त्यांच्या तोंडून एकदा तरी 'आमचे जावई' ऐकायचं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती.

काम त्याने झकास केलं. 'व्यक्ती' नावाचं मॉडेल, म्हणजे प्रत्येक नातेवाइकासाठी एकाच साच्यातला कप्पा. त्यात नाव, जन्मसाल, फोटो. एखादा फोटो सापडलाच नाही तर चौकट रिकामी दिसू नये, म्हणून चाचणीपुरता तिथे स्वतःचाच बाळपणीचा फोटो लावून ठेवला. नंतर काढू म्हणाला आणि साफ विसरला! वर खरे फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, हे सर्व्हरला, म्हणजे वेबसाइट जिथून चालते त्या संगणकाला, सांगायचंही राहून गेलं. लॅपटॉपवर सगळं ठीक दिसत होतं, मग शंका येणार कुठून?

निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी सगळं घर टीव्हीसमोर जमलं. सासरेबुवांनी चष्मा चढवून स्वतःचं नाव दाबलं. पडदाभर एक गुबगुबीत बाळ! विणलेला स्वेटर, बटणासारखं नाक! जावई ताडकन उठला.

"अरे वा! हा फोटो मिळाला कुठून? मीच की हा!"

"बाबा, ते जरा..."

"थांबा हो मिस्टर!" सासरेबुवांच्या बहिणीने, म्हणजे आत्यांनी, रिमोट ओढून घेतला आणि आपलं नाव दाबलं. तेच बाळ!

"अगं बाई! मी अश्शीच होते!"

मग मेहुण्याने आपलं नाव दाबलं. पुन्हा तेच बाळ! आत्यांनी चक्क हात जोडले.

"पिढ्या बदलल्या, पण घराण्याचं नाक बघा! जागचं हललं नाही!"

"आत्या, स्वेटरसुद्धा तोच आहे," मेहुणा चाचरत म्हणाला.

"असणारच! एकाच स्वेटरवर वाढलात रे सगळे!"

बायको नवऱ्याच्या कानाशी लागली. "अरे, हा तूच ना?"

"गप्प बस, पाया पडतो तुझ्या!"

सासरेबुवा उठले. डोळे भरून आले होते. त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मंडळी, आयुष्यात असा चमत्कार पाहिला नव्हता! आणि तो दाखवला कुणी? आमच्या जावयांनी!"

टाळ्या कडाडल्या. जावयाला वाटलं, देव पावला! तेवढ्यात सासरेबुवांनी त्याला जवळून न्याहाळलं आणि हळहळून मान हलवली.

"माणूस हिरा आहे हो. नाक तेवढं आपल्या घराण्यासारखं नाही. पण चालायचंच!"

जावयाने मुकाट्याने रुमाल काढला आणि नाक झाकून घेतलं.