उत्तमकाकांचे गंजके खिळे

शेजारचे उत्तमकाका आमच्याकडे खिळे मागायला येत, तेही गंजलेलेच. नवा खिळा दिला तर ते तो उजेडात धरून बघत आणि परत करत. "ह्यो बिलकुल कामाचा न्हाई, माय. सडका दे."

गंज पाण्यातला सोमल धरून ठेवतो, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. सोमल म्हणजे आर्सेनिक. तिकडे बंगालमध्ये हापशांच्या पाण्यात तो निघाला आणि इकडे जालन्यात काकांनी उकळलेला चहासुद्धा सोडला. ते शाळेच्या प्रयोगशाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर परीक्षानळ्या धुतल्यामुळे विज्ञान आपल्याला आतून माहीत आहे, असं त्यांचं मत होतं. त्यांनी अंगणात एकावर एक तीन माठ रचले. वरच्यात वाळू आणि खिळे, मधल्यात वाळू आणि कोळसा, खालच्यात थेंब थेंब पाणी.

आमच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येई. त्यात काय आहे, हा प्रश्न कुणाला पडत नसे. काकांनी गल्लीतला हापसा धोक्याचा म्हणून लाल रंगवला. बायकांनी रंग वाळेपर्यंत वाट पाहिली आणि घागरी लावल्या.

सोमल अंगात भिनला की तळहातावर खरखरीत ठिपके उठतात, नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा येतात. म्हणून काका भेटेल त्याचा हात धरत. मला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी ते नेमके खिळ्यांसाठी आले आणि त्यांनी मुलाचाच हात उलटा केला. मी खाली मान घालून पोह्यांच्या बशीकडे बघत राहिले.

"रेघा न्हाईत," काका म्हणाले. "बराबर हाय. करून टाका."

मुलाच्या आईने लगेच स्वतःचा हात पुढे केला. "गुरुजी, माझ्या गुडघ्याचं काही दिसतंय का?"

"तुमी कुठलं पानी पिता?"

त्या घरून पुढे काही निरोप आला नाही. आईने काकांना दोष दिला. मी मनातल्या मनात आभार मानले.

काकू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांच्या तळहातांवर तसेच ठिपके होते आणि शेवटी शेवटी हातात वाटी ठरत नसे. हापशानेच तिला नेलं, असं काका सगळ्यांना सांगत. ते सिद्ध करायला त्यांनी हापशाच्या पाण्याची बाटली औरंगाबादला तपासायला पाठवली आणि राजूरच्या गणपतीला नवस बोलले. तिथे लोक मुलगा होऊ दे, नोकरी लागू दे असं मागतात. पाण्यात विष निघू दे, असं मागणारे काका बहुधा पहिलेच.

अहवाल इंग्रजीत आला. गल्लीत इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच, म्हणून काका तो घेऊन आमच्या ओट्यावर आले. मी वाचला. पुन्हा वाचला.

"सोमल आढळला नाही, असं लिहिलंय, काका."

माझा अंदाज होता की ते प्रयोगशाळेला शिव्या देतील. पण ते लाल हापशाकडे तोंड करून बसले.

"तिचा दमा लय वाढल्ता," ते म्हणाले. "म्या एका वैदूकडून पुड्या आनल्त्या. सोमल हाय पन शुद्ध केल्याला, म्हन्ला त्यो. दमा कमी बी झाल्ता. दीड वर्स रोज सकाळी मीच मधातून चाटवायचो. ती तोंड वाकडं करायची, मी म्हनायचो, घे गं, जल्दी बरी व्हशील. पान्यात असता तं..."

मी पुन्हा कागदात डोकं घातलं. तिथे खाली बारीक अक्षरात, यंत्र किती कमी प्रमाण ओळखू शकतं, तो आकडा दिला होता.

"काका, यंत्राला दिसेल इतका आढळला नाही, असं आहे. त्याहून कमी असला तर यंत्राला कळत नाही."

"मराठीत लिहून दे तेवढं."

मी समासात लिहिलं. काकांनी एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. बोट 'इतका' या शब्दावर आलं आणि पुढे गेलं नाही. मग त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दारात उभे. घरातले सडके खिळे केव्हाच संपले होते. मी एका डब्यात नवे खिळे मिठाच्या पाण्यात घातले आणि त्यांना म्हणाले, "चार दिवसांनी या."