गोठ्याला जोडून एक खोली

माणसं वाचण्यात माझा हात धरणारा अजून भेटायचाय. समोरचा कशाने पाघळेल हे मी त्याच्या चपला काढण्याच्या पद्धतीवरून सांगतो. त्यामुळे बांधकाम खात्याच्या बाई पाहणीला येणार म्हटल्यावर मी बायकोला सांगून टाकलं, "परवानगी खिशात आहे असं समज."

"मागच्या खेपेलाही खिशातच होती," बायको म्हणाली. "मग अर्ज फेटाळला कोणाचा?"

तिच्या स्मरणशक्तीचं मला कायम कौतुक वाटत आलंय.

तर, आमचं घर हे पूर्वी गोठा होतं. रीतसर परवानगी काढून आम्ही त्याचं घर केलं. गुरं बांधायचे तिथे बैठक, चाऱ्याच्या माळ्यावर झोपायची खोली आणि वर जायला शिडीची थोरली बहीण शोभेल असा जिना. मग सासूबाई राहायला आल्या आणि त्यांच्या गुडघ्यांनी तो जिना साफ नाकारला. तेव्हापासून त्या बैठकीतच, पडद्याआड, टीव्ही आणि दार यांच्या मधोमध झोपतात. आलेला पाहुणा आधी त्यांच्या पायांना भेटतो, मग आम्हाला. पण कुरकुर नाही. इतक्या चिंचोळ्या जागेत इतकी ऐसपैस राहणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पण थोरल्या मेव्हण्याने फर्मान काढलं होतं. आईला स्वतंत्र खोली मिळत नसेल, तर महिनाअखेर तो तिला शहरात आपल्याकडे नेणार. सासूबाईंना ते नको होतं. त्याच्याकडे टीव्हीचा आवाजसुद्धा विचारून वाढवावा लागतो.

खोलीला जागा भरपूर होती, अडचण नियमाची होती. गोठ्याचं मूळ रूप टिकलं पाहिजे आणि मूळ बांधकामाच्या बाहेर एक वीटही जाता कामा नये. आमची खोली बाहेर जात होती, म्हणून अर्ज फेटाळला गेला. आता ही फेरपाहणी, आणि हीच शेवटची.

"मूळ रूप," मी बायकोला समजावलं. "सगळी मेख तिथे आहे. आपण घर फार घरासारखं करून ठेवलंय. बाईंना आत पाऊल टाकताच गोठ्यात आल्यासारखं वाटलं पाहिजे."

"मला रोजच वाटतं."

पाहणीच्या सकाळी मी गालिचा गुंडाळला, वाळलं गवत पसरलं, खुंटीला दोरखंड अडकवला. तरी चित्र अपुरंच वाटत होतं. म्हणून शेजारच्या दूधवाल्याची गाय तासाभरासाठी मागून आणली. ती पडवीत उभी राहणार होती, नुसती शोभेला.

गाईने पडवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ बैठकीत शिरली, सोफ्याला वळसा घातला आणि सासूबाईंच्या पलंगाशी जाऊन थांबली. आपल्या सीटवर भलताच कोणी बसलेला पाहून तिकीटवाला प्रवासी थांबतो, तशी.

"जावईबापू," पडद्याआडून आवाज आला, "ही कोण?"

"पाहुणी आहे, आई. जाईल तासाभरात."

"मग तिला माझी चादर सोडायला सांगा."

मी चादरीचं दुसरं टोक ओढत होतो तेवढ्यात बाई दारात. त्यांनी चपला काढल्याच नाहीत. त्या गवतात कोण काढेल? माझं शास्त्र तिथेच लंगडं पडलं.

"इथे गुरं बांधता?" त्यांनी विचारलं.

मला तो कौतुकाचा सूर वाटला. "बांधतो ना, मॅडम. अगदी पूर्वीसारखीच."

"म्हणजे गोठा चालू आहे."

"जोरात."

"मग तुम्हाला इथे राहता येणार नाही. राहण्याची परवानगी गोठा बंद झाला म्हणून दिली होती." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "खोलीचं सोडा, आधी घर रिकामं करावं लागेल."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी चादरीच्या जागी आपण असतो तर बरं, असं मला वाटून गेलं.

"म्हणजे तशी ती गाय नाही," मी म्हणालो. "घरच्या माणसासारखीच..."

पडदा सर्रकन बाजूला झाला.

"बाई, तुम्ही आधी बसा," सासूबाई म्हणाल्या. "हे सगळं आमच्या जावयांचं नाटक. गाय शेजाऱ्यांची, गवत आज सकाळचं. राहतो ते आम्ही तिघंच. मला जिना चढवत नाही म्हणून खोली हवी. नियमात बसत असेल तर द्या, नसेल तर मी बॅग भरते. पण माझ्यापायी पोरांचं घर काढू नका. जावई बावळट आहेत, लबाड नाहीत."

माझ्या बाजूने इतकं भरभक्कम आजवर कोणी बोललं नव्हतं. कौतुकाच्या बाबतीत माझा हात तसा आखडता, पण त्या दिवशी सासूबाईंच्या खात्यावर मी सढळ हाताने जमा केलं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे. पण आधी ही गाय बाहेर काढा."

मी ढकललं, बायकोने चुचकारलं. शेवटी बाईंनीच पर्स खाली ठेवली आणि दोर हातात घेतला. सरकारी माणूस असा कामाला भिडलेला पाहून मी हरखलो. गाय मात्र उलटी फिरली, स्वयंपाकघरात गेली, भांड्यांच्या कपाटाला कपाळ टेकवून उभी राहिली आणि हंबरली. ते ऐकून दूधवाला धावत आला.

"समोरून बाहेर नाही जायची ती," तो म्हणाला. "तुम्ही घ्यायच्या आधी हा तिचाच गोठा. मागच्या दाराने जायची सवय आहे तिला."

"मागे दार कुठेय?" मी म्हणालो.

"कपाटामागे असेल. घर करताना तुमच्या गवंड्याने बुजवलं ना?"

आम्ही सगळे कपाटाकडे बघत बसलो. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "आणि दारापलीकडे काय होतं?"

"वासरांची खोली. भिंती पडल्या, जोतं असेल अजून."

बाई तडक घरामागे गेल्या. माझ्या लाडक्या वेली त्यांनी बाजूला सारल्या. खाली जोत्याचे दगड, चारी बाजूंनी शाबूत. बाईंनी टेप लावला, दोनदा मोजलं. "हे मूळ बांधकामातच धरता येईल," त्या म्हणाल्या. "यावर बांधा. एक वीटही बाहेर जात नाही."

सासूबाई काठी टेकत आल्या आणि त्या दगडांच्या मधोमध उभ्या राहिल्या. "खिडकी इकडे," त्या म्हणाल्या. बाकी कोणाला काही विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

महिनाअखेरीच्या आत परवानगी आली. मेव्हण्याचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम जवळच घुटमळत होतो.

"कोणी मिळवली परवानगी?" त्याने विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी विनयाने मान खाली घातली.

"गाईनं," त्या म्हणाल्या. "जावईबापू तिला घेऊन आले होते, तेवढं श्रेय त्यांना."

तेही जरा जास्तच आहे. दोर माझ्या हातात होता खरा, पण त्या सकाळी ओढत कोण कोणाला आणत होतं, ते दूधवाल्याने पाहिलंय.