लाख वर्षांनंतरचं बिऱ्हाड

आमचे घरमालक अण्णा पाहुण्यांना चहा-कॉफीचं विचारत नसत. "दिवसाला पाणी किती पिता?" असं विचारत. कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी मी पुण्याहून नवा नवा बंगळूरला आलो आणि बनशंकरीत त्यांच्या माडीवरची खोली बघायला गेलो, तेव्हा मलाही हाच प्रश्न आला. मला वाटलं, पाण्याची टंचाई असणार. भीत भीत म्हणालो, "फार नाही पीत." अण्णा "अरेरे" म्हणाले आणि खोली दिली.

उलगडा नंतर झाला. अण्णा सरकारी संशोधन संस्थेत होते. अणुभट्टीतला जहाल कचरा खडकात खोल पुरला, तर लाख वर्षांत झिरपत्या पाण्याबरोबर तो वर येईल का, हे सांगणारा प्रोग्राम ते लिहीत. त्यासाठी त्या जमिनीवर राहणारं एक कुटुंब कल्पावं लागे. अण्णांनी तिथे बिऱ्हाडच थाटून दिलं होतं. विहीर, गाय, पालकाचा वाफा, सगळं. त्या मंडळींच्या पोटात काय किती जाईल, याची चौकशी ते आजच्या माणसांकडे करत. चिकपेटेच्या बाजारात त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना अक्का म्हणत असू, साडीचा पोत बघत आणि अण्णा दुकानदाराला विचारत, जेवणात ताक किती घेता.

बोलता बोलता ते मध्येच निघून जात. म्हणजे खुर्चीतच असत, पण नजर फार पुढे गेलेली असे. "तेव्हा बनशंकरी नसेल. मराठी नसेल, कन्नड नसेल. विहीर मात्र असेल," असं स्वतःशीच म्हणत. इकडे मोरीतला नळ गळत असे आणि अक्का चिंधी बांधून थकलेल्या असत. "स्वल्प थांब गं," अण्णा म्हणत, "थेंब कुठे जातो ते बघतोय."

आमच्या कंपनीत प्रोग्राम कुलपात ठेवत. अण्णा आपला प्रोग्राम आतल्या ओळीन् ओळीसकट फ्लॉपीवर भरून मागेल त्याला देत आणि न मागणाऱ्यालाही देत. त्यांच्या दातांच्या डॉक्टरलाही त्यांनी दिला होता. "जगाच्या कामाचं आहे, झाकायचं कशाला? चूक दिसली तर सांगा बरं का, सरी?"

कुणी काही सांगत नसे. एका रविवारी मीच तो प्रोग्राम वाचायला बसलो आणि सहज विचारलं, "अण्णा, या घरात लहान मूल का नाही?"

"घरात दोघंच असतात," अण्णा म्हणाले. मग हळूच म्हणाले, "असं मी धरून चाललो होतो."

अण्णा-अक्कांना मूलबाळ नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी आपलंच घर लाख वर्षं पुढे नेऊन ठेवलं होतं आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी त्या घरात एक मुलगी घातली. लहान जिवाला हे विष जास्त बाधतं, त्यामुळे सगळं गणित फिरलं. कचरा पुरायला जवळजवळ पक्की झालेली जागा बाद व्हायला लागली. संस्थेतले साहेब म्हणाले, मूल काढा. अण्णांची निवृत्ती तोंडावर आली होती आणि मुदतवाढ साहेबांच्या हातात होती. कामावाचून हा माणूस जगेल कसा, याचीच मला धास्ती.

अण्णा पोस्टात गेले. जुनी फ्लॉपी ज्याला ज्याला दिली होती, त्या सगळ्यांना त्यांनी मुलगी असलेला नवा प्रोग्राम पाठवला. "आता तिला कुणी गुपचूप काढू शकणार नाही," ते मला म्हणाले. "जागा दुसरी शोधा म्हणावं. खडक पुष्कळ आहे."

मुदतवाढ अर्थातच गेली.

निवृत्तीनंतर एका सकाळी मी खाली गेलो, तर कधी कॉम्प्युटरच्या वाऱ्याला उभ्या न राहणाऱ्या अक्का अण्णांशेजारी पडद्यासमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"काय देता हो तिला?"

"दूध."

"नुसतं? लहान पोर नुसतं दूध पितं होय? साखर घाला."

साखरेचा त्या गणिताशी काडीचा संबंध नव्हता. अण्णांनी चष्मा पुसला आणि साखर घातली.