मामाची व्हिस्की आणि साहेबांचं नाक

मी हात लावला की काम फत्ते! हे मी नाही म्हणत... बरं, मीच म्हणते. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत नुकतीच पहिली आले होते, त्यामुळे माझा आत्मविश्वास प्रेशर कुकरसारखा शिट्ट्या मारत होता.

माझा मामा सिंगल माल्ट व्हिस्की बनवतो. तीही आमच्या गावात, जिथे उन्हाळ्यात डांबर चप्पल सोडत नाही! व्हिस्की थंड हवेतच होते, असं सगळे म्हणतात. आठ वर्षं पिंपांशी झटापट करून मामाने अखेर एका मोठ्या हॉटेलच्या पारखी साहेबांना घरी बोलावलं. चार व्हिस्की थंड देशांच्या, पाचवी मामाची. ग्लासांवर फक्त आकड्यांच्या चिठ्ठ्या. साहेबांना मामाची आवडली तर ऑर्डर, नाहीतर मामीने बजावलं होतं, "कारखान्याला कुलूप!"

मला चाखायला अर्थातच बंदी. पण ग्लास माझ्या ताब्यात! साबणाचे डाग काही जाईनात. म्हटलं, शाम्पूने केस चमकतात, तर काच का नाही? चमकली की हो! हिऱ्यासारखी!

साहेबांनी पहिला ग्लास हुंगला. "वा! गुलाब!"

दुसरा. "इथेही गुलाब?"

पाचव्यापर्यंत त्यांचा चेहरा पांढराफटक. "माझं नाक गेलं! तीस वर्षांची नोकरी गेली!" त्यांनी कांदा हुंगला, रॉकेल हुंगलं, शेवटी स्वतःचा बूट हुंगला!

"साहेब, नाक शाबूत आहे," मी पुटपुटले. "तो माझा शाम्पू आहे."

मामाने माझ्याकडे असं पाहिलं, की मला पिंपात भरून झाकण लावावंसं त्याला वाटत असणार!

मी धावत जाऊन कढत पाण्याने ग्लास धुतले, चिठ्ठ्या परत डकवल्या, आकडे बघून व्हिस्की ओतल्या आणि ट्रे आणला. साहेबांनी एकेक घोट घेतला. एका ग्लासापाशी डोळेच मिटले.

"हीच! हिच्यासारखी दुसरी नाही! कितवी ही?"

सगळ्यांनी बघितलं. ओल्या काचेवरून पाचही चिठ्ठ्या घसरून ट्रेमध्ये लोळत होत्या!

"कार्टे!" मामा ओरडला. मग छाती फुगवून म्हणाला, "काळजी नको साहेब, माझी व्हिस्की मी झोपेतही ओळखेन." त्याने घोट घेतला, घोळवला, गिळला. खांदे पडले. "नाही. ही माझी नाही."

तेवढ्यात मामी आली. तिने ग्लास नाकाशी नेला. "अहो, आपलीच आहे ही!"

"तुला काय कळतंय? तू कधी थेंब तरी घेतलायस?"

"आठ वर्षं तुमचे शर्ट कोण धुतंय?"

साहेबांनी मामाच्या बाटलीतून ताजा घोट ओतून घेतला, ताडून पाहिला आणि उठून मामीला नमस्कार केला! ऑर्डर मिळाली. दोनशे खोकी!

फक्त साहेबांची एक अट आहे: प्रत्येक पिंप मामीने हुंगून पास करायचं. त्या वेळी मामाला आणि मला खोलीत प्रवेश नाही. आम्ही बाहेर बसून खोकी बांधतो.