कुमुदिनी कुणाच्या लक्षात

वाचनालयाच्या कम्प्युटरात ‘पुस्तक परत’ असं एक बटण होतं, आणि त्याच्या मागे, आत, वरच्या मजल्यावर कुमुदिनी साठ्ये खुर्ची टाकून बसत असे. बाहेर कुणी बटण दाबलं की आत पुस्तक जमा करून घ्यायचं, एवढंच तिचं काम. बटण मात्र बटणांच्या भाषेत बोलायचं आणि हिला मराठीखेरीज ओ की ठो कळत नसे. म्हणून मधे, जिन्याच्या वळणावर, दुभाषी नेसरीकर बसत. बटणाचा निरोप मराठीत करून ते वर हाक देत, इतकी हळू की कुमुदिनीला ती अर्धवट झोपेत ऐकल्यासारखी वाटे.

तिथला नियम साधा होता. रोज चारला झाडूवाले येत आणि जो कुणाच्याच लक्षात नाही, त्याला अलगद झाडून नेत. कुमुदिनीला लक्षात ठेवायचं काम प्रोग्रॅमर तेलंगांचं. पण प्रोग्रॅमरच ते! त्या दिवशी त्यांनी बटण नव्यानं जोडलं, एकदा दाबून पाहिलं, चाललं. तेलंग खुशीत चहाला गेले आणि हिला साफ विसरले.

पावणेचारला तिची बोटं पुसट दिसू लागली. नोकरी गेली चुलीत, आपण उरतच नाही, हे तिला कळलं. ती जिना उतरली आणि नेसरीकरांना सगळं सांगून मोकळी झाली. निरोप पुढे द्यायचा, मनात ठेवायचा नाही, असा दुभाष्यांचा दंडक. नेसरीकरांनी बराच वेळ चष्मा पुसला.

“मी ठेवतो तुम्हाला लक्षात,” ते म्हणाले. “पण तेलंग मलाही विसरलेत. मला कोण ठेवणार?”

“मी ठेवते की.”

चारला झाडूवाले आले. कुणाच्या लक्षात, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिनं नेसरीकरांकडे बोट दाखवलं, नेसरीकरांनी तिच्याकडे. कागदावर दोन खुणा करून झाडूवाले गेले. कुमुदिनीला रडूच कोसळलं.

सहाला बाहेर कुणीतरी कम्प्युटरच्या पडद्यावरची खिडकी मिटली. बटणं घरी गेली, बाकीचेही पांगले. कुमुदिनीनं पिशवी उचलली आणि तशीच थबकली. घरी गेलं, चार कामांत जीव गुंतला, की नेसरीकर मनातून निसटायचे. नेसरीकरांनाही तीच धास्ती. आधी कुणी निघायचं, हे काही ठरेना.

शेवटी तिनं आपली खुर्ची ओढत जिन्याच्या वळणावर आणली. नुसत्या आडनावावर किती दिवस निभणार, असं वाटून तिनं त्यांचं नाव विचारलं.

“भीमराव,” ते म्हणाले.

ती ते नाव मनात घोळवत बसली.