पोपटी सायकल आणि पितळी बिल्ला

मुलांनो, एका जंगलात सायकली होत्या. आता जंगलात सायकली कुठून आल्या, असं लगेच विचारू नका. गोष्टीतला कोल्हा बोलतो तेव्हा त्याला बोलायला कोणी शिकवलं, हे विचारता का? नाही ना? मग गुमान ऐका.

त्या जंगलात केरबा नावाचं अस्वल होतं आणि गेनू नावाचं रानडुक्कर होतं. दोघं लंगोटीयार. जंगलात लंगोटी कोणीच नेसत नाही, पण यार होते एवढं खरं.

तरुणपणी दोघांनी एकाच दिवशी एकसारख्या डोंगरी सायकली घेतल्या. जाड टायरांच्या, गिअरच्या, पोपटी रंगाच्या. दरवर्षी बोरं पिकली की दोघं सायकलींवरून वाघजबड्याच्या खिंडीत जायचे. वर पोचलं की पोटभर बोरं खायची, गार वाऱ्याला बसायचं आणि मग उतारावरून खाली यायचं. केरबाला अख्ख्या वर्षात तो एकच दिवस आपला वाटायचा.

केरबा उतारावर ब्रेक लावायचा नाही. त्यामुळे पडायचाही भरपूर. एकदा हँडल मोडलं, तेव्हा वानर लोहाराने दुसरं ठोकून बसवलं, जरासं डावीकडे तिरकं. एकदा दोन्ही चाकं गेली, ती बदलली. एकदा फ्रेमच तडकली, तिला वेल्डिंगचा हा एवढा टाका पडला. सीट फाटली तेव्हा केरबाच्या आईने जुन्या गोधडीचा तुकडा दुमडून त्यावर गादी शिवून दिली, लाल दोऱ्याने. "आता तरी सावकाश जा रे मेल्या," असंही म्हणाली.

गेनूचं सगळं उलटं. उतार आला की तो खाली उतरायचा आणि सायकल हातात धरून चालायचा. सीटवर बसणं त्याला कधी जमलंच नाही, उभ्यानेच पायडल मारायचा. आणि सायकल धुणं त्याच्या खानदानात नव्हतं.

पुढे संसार झाले, पोटं सुटली. केरबाची आई गेली. केरबाची सायकल गुहेच्या कोपऱ्यात गंजत पडली. गेनू मात्र आपल्या सायकलवरून कंदमुळं आणत राहिला.

एके दिवशी केरबाला खिंडीची फार आठवण आली. त्याने सायकल बाहेर काढली. रॉकेलने चेन धुतली, ग्रीस भरलं, पंक्चर काढलं. चालली की हो सायकल! गेनू तर आनंदाने चिखलात लोळला. चार दिवसांत बोरं पिकणार होती. दोघं जाणार होते.

आणि तेवढ्यात तिथे करकोचेसाहेब आले.

करकोचेसाहेब म्हणजे 'प्राचीन डोंगरी सायकल संवर्धक मंडळा'चे चिटणीस. लांब चोच, लांब पाय आणि गळ्यात मोजपट्टी. त्यांनी केरबाची सायकल चारी बाजूंनी पाहिली आणि डोळे मिटले.

"अरेरे," ते म्हणाले. "किती मौल्यवान वस्तू, आणि काय ही दशा! केरबाजी, ही सीट अस्सल नाही."

"आईने शिवलीय," केरबा म्हणाला.

"कारखान्यात आई नसते, केरबाजी. अस्सल सीट काळ्या चामड्याची. ती मिळवा, मग मंडळात या. अस्सल सायकलला आम्ही पितळी बिल्ला देतो. अख्ख्या जंगलात तीनच आहेत."

आता खरं सांगा, तीनच असलेली गोष्ट कोणाला नको असते? केरबा त्या रात्री झोपलाच नाही.

दुसऱ्या दिवशी तो गेनूकडे गेला. गेनूची सीट काळ्या चामड्याची होती, आणि कोणी कधी बसलंच नव्हतं म्हणून नवीकोरी होती.

"गेन्या, तेवढी सीट दे. बिल्ला मिळाला की आपण लगेच खिंडीत जाऊ."

"घे की," गेनू म्हणाला. "पण माझ्या सीटच्या नळीवर काहीतरी ठोक बाबा. उघडी बरी दिसत नाही."

केरबाने आईच्या गादीची सीट काढून तिथे बसवली. कामाच्या घाईत त्याने तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

तुम्हाला वाटेल, झालं काम. कसलं झालं! करकोचेसाहेब म्हणाले, सीट उत्तम, पण हँडल तिरकं आहे. मग गेनूचं सरळ हँडल इकडे आलं आणि वानराचं तिरकं तिकडे गेलं. तोवर बोरं संपली होती.

पुढल्या वर्षी चाकं निघाली नकली. त्याच्या पुढल्या वर्षी ब्रेक. मग पायडलं, मग गिअर, मग चेन. दरवर्षी बोरं पिकली की गेनू गुहेशी येऊन घंटी वाजवायचा. "यंदा येतोस ना?" दरवर्षी केरबा म्हणायचा, "एवढा एकच पार्ट राहिलाय रे." मग गेनू तो पार्ट काढून द्यायचा, केरबाचा निघालेला आपल्या सायकलला लावायचा आणि एकटाच खिंडीत जायचा. येताना केरबासाठी बोरं आणायचा. केरबा ती खायचा आणि बिया थुंकता थुंकता सीटला पॉलिश करायचा.

मंडळाच्या सभाही सुरू झाल्या होत्या. दर रविवारी सभासद आपापली सायकल खांद्यावर उचलून पायी यायचे. चालवत आणायची नाही, टायर झिजतात. सभेत 'आठवणींचा तास' असायचा. सायकलवर आपण कसकसे फिरलो, हे प्रत्येकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी डोळे पुसायचे. घरी जाताना सगळ्यांचे खांदे दुखायचे.

सातव्या वर्षी फक्त फ्रेम उरली. करकोचेसाहेबांनी वेल्डिंगच्या टाक्यावर चोच आपटली. "डाग आहे," ते म्हणाले.

गेनूने आपल्या फ्रेमवरचा वीस वर्षांचा चिखल खरवडला. आतून पोपटी रंग निघाला, कालच लावल्यासारखा. केरबाला रडूच कोसळलं. गेनूला वाटलं, आता हा नक्की खिंडीत येणार.

बिल्ला मिळाला. सोबत नियमांचा कागदही मिळाला. बिल्ल्याच्या सायकलचं चाक मातीला लागलं तर बिल्ला रद्द.

आठव्या वर्षी बोरं पिकली. त्याच दिवशी मंडळाची मोठी सभा होती, खिंडीच्या पायथ्याशी. केरबाची सायकल चौरंगावर ठेवली होती, हार घालून. गेनू घामाघूम होऊन आला.

"झाली ना पुरी? चल लवकर, वर गार वारा सुटलाय."

"अरे, चाक मातीला लागलं तर..." केरबा चाचरला. "आणि आज माझं भाषण आहे. खिंडीवर."

"खिंडीवर बोलायला खिंडीखाली थांबणार?" गेनूने विचारलं. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

केरबाने मान खाली घातली, आणि तेव्हा कुठे त्याला गेनूची सायकल दिसली. डावीकडे तिरकं हँडल. फ्रेमवर वेल्डिंगचा टाका. आणि सीटवर गोधडीची गादी, कडेने लाल दोरा.

"गेन्या, ही तर माझी सायकल."

"तुझीच की! तू काढत गेलास, मी लावत गेलो. आणि एक सांगू का? मी बसायला लागलो रे. तुझ्या आईची गादी काय मऊ आहे! ये, तू चालव, मी मागे बसतो."

केरबा बसला. हात हँडलवर आपोआप गेले, डावा जरा मागे. गादीत त्याच्याच बुडाचा खळगा अजून होता. आठ वर्षांत त्याला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. त्याने पायडलवर पाय ठेवला.

"केरबाजी!" करकोचेसाहेब ओरडले. "बिल्लाधारक माणूस नकली सायकलवर? लोक बघतायत! उतरा, नाहीतर बिल्ला परत करा."

अस्वलाला माणूस म्हटलं की अस्वल विरघळतं. केरबाने चौरंगाकडे पाहिलं. बिल्ला उन्हात चमकत होता. अख्ख्या जंगलात चारच.

तो उतरला.

"गेन्या, पुढल्या वर्षी नक्की," तो म्हणाला.

गेनू गादीवर बसला आणि खिंडीच्या वाटेला लागला.

सभेत केरबाची पाळी तिसऱ्या प्रहरी आली. चौरंगावरच्या काळ्या चामड्याच्या सीटवर पंजा ठेवून तो म्हणाला, "मित्रहो, याच सीटवर माझ्या आईने..." सभासदांनी रुमाल काढले.

तेवढ्यात वरून आवाज आला. खडखड, खडखड. कोणीतरी उतारावरून सुसाट येत होतं, ब्रेक न लावता, हसत, किंचाळत. तो गेनू होता. जन्मभर उतारावर सायकल हातात धरून चालणारा गेनू! आणि ती खडखड केरबाने झोपेतही ओळखली असती. त्याच्या सायकलची होती ती.

केरबाला पुढे बोलवेना. त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले.

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. करकोचेसाहेब उठून उभे राहिले. इतकी अस्सल आठवण मंडळाने आजवर ऐकली नव्हती, असं ते म्हणाले. त्यांनी केरबाला तिथल्या तिथे दुसरा बिल्ला लावला.

तात्पर्य : मुलांनो, जुन्या वस्तूची नीट काळजी घ्यावी. तिच्यातलं जे जे आपलं असेल ते काढून एखाद्या अडाणी मित्राला देऊन टाकावं, म्हणजे ते वापरात राहतं. आपण उरलेल्यावर भाषण करावं. आणि भाषणात रडू आलं तर कारण सांगू नये, बिल्ला मिळतो.